केटी, बॅकलॉग आणि बेंच



मी मेकॅनिकलचा, २०२२ ची बॅच. म्हणजे ज्यांचं थर्ड इयर मोबाईलच्या स्क्रीनवर झालं ते आम्ही. सध्या हिंजवडीत एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर तसा नियम आहे, आणि दुसरं म्हणजे नाव कुठलंही घातलं तरी पुढचा मजकूर फारसा बदलणार नाही. सुट्टीला साताऱ्यात घरी गेलो की शेजारचे काका विचारतात, "नक्की काय करतोस रे तिथं?" सांगलीहून ज्युनिअर पोरांचे फोन येतात, तीही तेच विचारतात, फक्त पुढं "दादा, इन-हँड किती?" एवढं जोडतात. काकांना मी "कॉम्प्युटरवर असतो" असं सांगून सुटतो. तुमच्यापासून असं सुटता येणार नाही, कारण तुमच्यातली बरीचशी जनता वर्षा-दोन वर्षांत त्याच गेटमधून आत येणार आहे.

गंमत अशी, की कंपनीत गेल्यावर पहिले काही दिवस सगळे शब्द ओळखीचे वाटतात. पहिल्याच आठवड्यात टीम लीड म्हणाला, "उद्यापासून तुझी केटी." माझ्या पोटात गोळा आला! आठ सेमिस्टर जिला घाबरून काढली ती इथं पण आली? तर कंपनीतली केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जुना माणूस प्रोजेक्ट सोडून जाताना नव्याला सगळं समजावून देतो, ती. बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय नव्हेत, राहिलेली कामं; तो प्रत्येक टीमला असतो आणि त्याबद्दल कुणाचे वडील प्राचार्यांना भेटायला येत नाहीत. आणि बेंच? कॉलेजात शेवटचा बेंच म्हणजे स्वर्ग. कंपनीत मात्र बेंच या शब्दानं भल्याभल्यांची झोप उडते. ती का उडते हे कळायला आधी एक गोष्ट समजली पाहिजे: ही कंपनी नेमकं विकते काय?

आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअर कंपनी सॉफ्टवेअर विकते. मायक्रोसॉफ्ट विकते, ओरॅकल विकते. पण कॅम्पसला येऊन एका दमात शेकडो पोरं उचलणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्या मुख्यतः विकतात ती माणसांची वेळ. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. शेतावर माणसं रोजानं लावतात किंवा काम उक्तं देतात. तसंच इथं. अमुक इतकी माणसं, तासाला इतके पौंड किंवा डॉलर, हा झाला रोज. त्याला टाइम अँड मटेरियल म्हणतात. सगळ्या कामाचा मिळून ठोक आकडा, हे झालं उक्तं. त्याला फिक्स्ड प्राइस म्हणतात. ज्याचा तास गिऱ्हाइकाला विकला जातो तो 'बिलेबल'. ज्याचा विकला जात नाही तो बेंचवर, म्हणजे पगार चालू पण कमाई बंद. सगळ्या माणसांच्या मिळून वेळेपैकी किती टक्के वेळ विकली गेली त्याला युटिलायझेशन म्हणतात. इन्फोसिससारखी कंपनी हा आकडा दर तिमाहीच्या निकालाबरोबर जाहीर करते आणि शेअरबाजारवाले तो बारकाईनं बघतात. म्हणजे आपण कँटीनमध्ये चहा पीत किती वेळ बसलो हे थेट दलाल स्ट्रीटला कळतं म्हणा ना!

याला जोडून दुसरी गोष्ट म्हणजे पिरॅमिड. टीममध्ये पंधरा वर्षं अनुभवाचा एखादा, पाच-सात वर्षांचे तीन-चार आणि खाली आपल्यासारखे आठ-दहा. खालचा थर जितका रुंद आणि स्वस्त, तितका सगळ्यांचा मिळून सरासरी खर्च कमी. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्या माझ्यासारख्याला जावा लिहायला का घेतात, याचं उत्तर इथं आहे. त्यांना आज येणाऱ्या जावापेक्षा तीन महिन्यांत शिकू शकेल असा माणूस हवा असतो, आणि तो भरपूर संख्येनं हवा असतो. म्हणून ॲप्टिट्यूडची चाळणी. प्रशिक्षणाच्या आमच्या बॅचमध्ये वालचंदची पोरं होती, कराडच्या शासकीयची होती, साताऱ्याच्या केबीपीची होती, राजारामनगरच्या आरआयटीची होती. सिव्हिलवाले तर इतके होते की एखादा पूल बांधून झाला असता.

हा धंदा काही कालचा नाही. टीसीएस १९६८ ची. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, सात जणांची आणि दहा हजार रुपयांची, आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. पण पोरं हजारांनी लागायला लागली त्यात मोठा हात होता वायटूकेचा. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले. २००० साल उजाडल्यावर कॉम्प्युटर ते १९०० समजणार, म्हणून जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांना कोट्यवधी ओळी तपासून घ्यायच्या होत्या. ते किचकट काम आपल्याकडच्या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतलं. तारखांचा हा विषय लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

आता प्रशिक्षण. कॅम्पस झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं आपण धरून चालतो. तसं नाही. प्रशिक्षणात परीक्षा असतात आणि त्या कॉलेजच्या ओरलसारख्या 'सर, नेक्स्ट क्वेश्चन' म्हणून सुटत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक ट्रेनींना घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं, तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत आणि ही अट करारात होतीच. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं तक्रार केली. त्यातल्या अनेकांना ऑफर २०२२ मध्ये मिळालेली होती आणि प्रत्यक्ष जॉइनिंग २०२४ च्या ऑक्टोबरात. दोन-अडीच वर्षं थांबून चार महिन्यांत परत! हे घाबरवायला सांगत नाही. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, जॉइनिंग म्हणजेही पूर्ण नोकरी नव्हे, एवढं घरच्यांना आधी सांगून ठेवा. पेढे कन्फर्मेशनला वाटा. साताऱ्यात कंदी पेढ्यांना काय तोटा आहे?

प्रशिक्षण संपलं की बेंच. मी अडीच महिने होतो. रोज आयकार्ड लटकवून जायचं, ऑनलाइन कोर्स करायचे, आणि प्रोजेक्टच्या मॅनेजरांना 'सर, एनी ओपनिंग?' असे मेल टाकायचे. मैदानावर टीम पाडताना शेवटपर्यंत कुणी घेत नाही त्या पोराला कसं वाटतं, तसं वाटतं. पूर्वी सहा-सहा महिने बेंचवर आरामात बसलेले सीनिअर आहेत. आता ते दिवस राहिले नाहीत. टीसीएसनं जून २०२५ पासून नियम केला: वर्षाला किमान २२५ दिवस बिल होणारं काम आणि बेंच जास्तीत जास्त ३५ दिवस. जुलैत त्याच कंपनीनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक. बेंचवर असताना माणसाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. परदेशातल्या गिऱ्हाइकानं या तिमाहीत हात आखडता घेतलेला असतो, बास! पण त्या दिवसांत मिळेल ते काम घ्यावं, टेस्टिंग असो की सपोर्ट. 'मला डेव्हलपमेंटच पाहिजे' म्हणून अडून बसणारे आमच्यातले दोघं अजून पस्तावतात.

मला मिळाला सपोर्ट. ब्रिटनमधली एक विमा कंपनी; तिचा वीस वर्षं जुना प्रोग्रॅम, लिहिणारे कधीच सोडून गेलेले. आपल्याला कॉलेजात कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. कंपनीत कोरं पान जवळजवळ नसतंच. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, हेच काम. मेकॅनिकलवाल्यांनी असं समजा, की चालू इंजिन न थांबवता त्यातला एक नट बदलायचा आहे आणि ड्रॉइंग हरवलंय.

एक किस्सा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळी नोकरी येते. जानेवारी २०२५ चा शेवट. रात्रपाळी माझी. पहाटे साडेतीनला, म्हणजे तिकडे रात्री दहाला, रोजचा बॅच जॉब बंद पडला. (ही 'बॅच' पण आपली नव्हे; रात्री एका झटक्यात लाखभर पॉलिसींचे हिशोब करणारा प्रोग्रॅम.) असं झालं की तिकीट उघडतं आणि घड्याळ सुरू होतं. आमच्या करारात या दर्जाच्या तिकिटाला अर्ध्या तासात उत्तर आणि चार तासांत गाडी रुळावर, असं बंधन. त्याला एसएलए म्हणतात. लॉग वाचला. सतरा पॉलिसींवर प्रोग्रॅम अडला होता. त्या सतरा बाजूला काढल्या, बॅच पुन्हा चालवली, सकाळच्या आत काम उरकलं. याला वर्कअराउंड म्हणायचं. रोग तसाच, ताप उतरवला.

मग रोग शोधायचा. त्या सतराही पॉलिसी २९ फेब्रुवारी २०२४ ला घेतलेल्या होत्या. लीप वर्ष! नूतनीकरणाची नोटीस काढताना प्रोग्रॅम तारखेचे तुकडे करून वर्षात एक मिळवत होता, आणि तयार करत होता २९ फेब्रुवारी २०२५. असा दिवसच नाही. दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. जावामध्ये वर्ष नीट वाढवणारी सोय तयार आहे. पण ती ओळ प्रत्यक्ष चालू व्हायला अकरा दिवस लागले.

का? पहिली गोष्ट, अशीच वर्ष वाढवणारी ओळ अजून कुठं आहे का? शोधलं तर नऊ ठिकाणी. दुसरी आणि खरी गोष्ट: नूतनीकरणाची तारीख धरायची कोणती, २८ फेब्रुवारी की १ मार्च? जावाची तयार सोय २८ देते. पण हे जावानं ठरवायचं की कंपनीनं? कुणाच्या गाडीला नेमका त्या एका दिवसात अपघात झाला तर विमा लागू की नाही, हा तो प्रश्न. माझ्या खुर्चीवरून तो एका अक्षराचा फरक दिसतो, तिकडे तो कुणाच्या तरी हजारो पौंडांचा असतो. आम्ही लेखी विचारलं. त्यांच्या पॉलिसीवाल्यांनी आणि वकिलांनी उत्तर द्यायला चार दिवस घेतले. मग अर्ध्या तासात कोड. मग सीनिअरचा कोड रिव्ह्यू (त्यानं दोन शंका काढल्या, एक खरी होती), मग आमचं टेस्टिंग, मग गिऱ्हाइकाचं टेस्टिंग, मग बदलाला मंजुरी, आणि मग शनिवारी रात्रीच्या ठरलेल्या वेळेत रिलीज, तोही बिघडलं तर मागं कसं यायचं हे आधी लिहून ठेवून. अकरा दिवसांत प्रोग्रॅमिंग अर्धा तास! बाकी सगळं वाचणं, विचारणं, लिहिणं आणि तपासणं. काकांना हे कसं सांगू, तुम्हीच सांगा.

याच कामातून इंग्रजीचा मुद्दा निघतो. आपल्याकडची पोरं इंग्रजीला फार भितात. क्लायंट कॉलवर म्यूट होऊन बसतात. मीही पहिले महिने 'येस, शुअर' या दोन शब्दांवर काढले. पण सफाईदार बोलण्यापेक्षा नीट लिहिण्याला जास्त किंमत आहे. काय झालं, कधीपासून झालं, आपण काय करून पाहिलं, आणि समोरच्याकडून नेमकं काय पाहिजे, एवढं सहा ओळींत लिहिता आलं तर उच्चारांकडं कुणी बघत नाही. त्या तारखेच्या मेलला चार दिवसांत उत्तर आलं, कारण प्रश्न एकच होता आणि पर्याय दोनच दिले होते. गोलमाल मेल तीन-तीन आठवडे नुसते फिरत राहिलेले मी पाहिलेत. सर रागावणार नसतील तर एक सांगतो: जर्नल उतरवून काढायच्या सवयीनं आपलं इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आणि व्हायवाला उभं राहून घाम गाळलेला मात्र उपयोगी पडतो.

टाइमशीट, रेटिंग, अप्रेझल यांवर पानं भरता येतील, पण ते गेल्यावर आपोआप कळतं. टाइमशीट शुक्रवारी भरा म्हणजे झालं. तास विकला जातो हे एकदा समजलं की तिच्यावरून एवढी आरडाओरड का होते तेही समजतं.

मग आता एआयचं काय, हे प्रत्येक फोनवर विचारलं जातं. मी पास झालो त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आलं. मला वाटतं ते खरं सांगतो. ज्युनिअरची बारीकसारीक लिहिण्याची कामं, टेस्ट केस, छोटे फंक्शन, कागदपत्रं, हे यंत्र झटकन करतं. म्हणजे पिरॅमिडच्या खालच्या थरात पूर्वीइतकी माणसं लागतील असं समजून कुणी बसू नये. पण २८ की १ हे यंत्रानं ठरवलं असतं का? त्यानं २८ लिहून दिलं असतं, तेही मोठ्या आत्मविश्वासानं. तिथं थांबून 'हे आपण ठरवायचं नाही, विचारायला पाहिजे' हे ज्याला सुचतं त्याचा तास विकला जाईल. आणखी एक: गिऱ्हाइकाचा कोड उचलून बाहेरच्या एआयमध्ये टाकायचा नाही. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये असं केलं आणि कंपनीला कर्मचाऱ्यांच्या वापरावर बंदी घालावी लागली. आपली पोरं असाइनमेंटच्या सवयीनं सहज टाकतील म्हणून मुद्दाम लिहितो.

आता पैसा, ज्यासाठी निम्म्यांनी हा लेख उघडला. समजा पॅकेज ३,६०,०००. बारानं भागून ३०,००० येतात, आणि तोच आकडा गावात सांगितला जातो. प्रत्यक्ष बघा. बेसिक निम्मं धरू, महिना १५,०००. कंपनी पीएफमध्ये जे १२ टक्के भरते ते, वर्षाचे २१,६००, याच पॅकेजमधले. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८. तीही पॅकेजमधलीच, आणि कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं भरल्यावर मिळते, म्हणजे तीन वर्षांत उडी मारणाऱ्याला तिचं दर्शन नाही. विम्याचा हप्ता ६,००० आणि 'व्हेरिएबल' १८,००० धरा. हे व्हेरिएबल कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर. उरले ३,०५,७४२, महिन्याला सुमारे २५,४७८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेतेवीस हजारांच्या आसपास. माझं पहिल्या वर्षीचं फ्लॅटमधलं भाडं वाट्याला ७,००० यायचं, डबा ३,५००, आणि डिपॉझिट पहिल्या पगाराआधीच द्यावं लागलं. जॉइनिंगला जाताना घरून दोन महिन्यांची तजवीज करून निघा. दर शुक्रवारी रात्रीची बस पकडून घरी यायचा उत्साहही तिसऱ्या महिन्यात उतरतो. साताऱ्याची पोरं निदान बॉम्बे रेस्टॉरंटच्या चौकात झोपायच्या वेळेला उतरतात. सांगलीवाल्यांना कराड, पेठ नाका करत पहाट होते.

शेवटी बॉण्ड. 'बॉण्डला कोर्टात काही अर्थ नसतो' असं होस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते इतकं सोपं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं, की कुणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. पण मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाचं असं बंधन कलम २७ मध्ये बसत नाही, असं म्हटलं. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता आणि पद सीनिअर मॅनेजरचं होतं, या गोष्टी निकालात आहेत. कलम ७४ प्रमाणं भरपाई वाजवीच मागता येते. म्हणजे फ्रेशरच्या बॉण्डची रक्कम वाजवी आहे का यावर भांडता येईल, पण 'अर्थच नाही' या भरवशावर सही करू नका. किती महिने, किती रुपये, प्रशिक्षणात नापास झालं तर पैसे कुणी कुणाला द्यायचे, आणि नोटीस पिरियड किती, या चार जागा पेननं अधोरेखित करा. आणि 'इतके भरा, मागच्या दारानं हिंजवडीत चिकटवतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहाही पाजू नका.

मी गॅदरिंगला सांगलीत येतोय. ज्यांच्या हातात ऑफर लेटर पडलंय त्यांनी ते घेऊन संध्याकाळी मेससमोर भेटा, बसून वाचू. प्रिंट आणा; मोबाईलवर नेमकं बॉण्डचंच पान उघडत नाही. भडंग तुमच्याकडून.